खालून वर वाचताना

‘आणी’ नव्हे, ‘आणि’.

एका जाड माणसाचे राखाडी मोजे. डाव्याला टाचेशी भोक.

आभार मानताना उद्गारचिन्ह नको. आभार ओरडून मानत नाहीत.

डब्याचं झाकण, वाटी, चमचा, डबा. टेबलावर एकाखाली एक.

‘कि’ आणि ‘की’ यांत ज्याला फरक वाटत नाही त्याच्याशी वाद घालू नये. घातलाच तर जिंकेपर्यंत घालावा.

तिकोनी तोंडाची लोखंडी किल्ली.

छापलेलं आहे ना? मग झालं तर.

हे सगळे तुकडे एकाच दिवसाचे. आता सरळ लावून बघू.

छापखान्यात तिला सगळे कानामात्रा म्हणत. नाव मालकांनी पाडलेलं. सुरुवातीला चिडवण्यासाठी होतं, मग कौतुकानं घेतलं जाऊ लागलं, आणि हल्ली तर एखाद्या हुद्द्यासारखं वापरलं जायचं. ‘कानामात्राकडून आलं का?’ आलं असेल तर यंत्र सुरू. औषधाच्या खोक्यातली घडी असो, बँकेचे नियम असोत की शाळेचं प्रगतिपुस्तक, कोपऱ्यात तिची लाल सही पडली की पुढं त्या कागदाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

तिची वाचायची एक पद्धत होती. प्रत्येक प्रूफ ती दोनदा वाचायची. एकदा मूळ कागद शेजारी ठेवून वरून खाली, आणि एकदा पट्टी धरून, एकेक ओळ उघडी करत, खालून वर. नव्या कुणी विचारलं तर ती सांगायची, “वरून वाचलं की अर्थ डोळ्यात शिरतो. आणि अर्थ मोठा लबाड. ‘पाणि’ लिहिलेलं असलं तरी ‘पाणी’ वाचून दाखवतो. खालून वर गेलं की त्याला काही सुधरत नाही. गप बाजूला बसतो. मग शब्द एकटे सापडतात.”

अशा एकट्या सापडलेल्या शब्दांची ती गय करत नसे.

त्या सकाळी मालक तिच्या डोक्यावर उभे होते. अक्षरशः. खुर्चीमागं उभं राहून गाडीची किल्ली वाजवत होते.

“कानामात्रा, हे एवढं मोकळं करा. लिफ्टवाली कंपनी नवीन गिऱ्हाईक आहे. पहिलंच काम आहे.”

“तुम्ही किल्ली वाजवलीत की माझी वेलांटी हुकते.”

“एवढासा तर कागद आहे!”

एवढासाच होता. लिफ्ट अडकली तर इमारतीतल्या माणसानं काय करावं, याची चार कलमं आणि तळाशी एक ओळ. लिफ्टशेजारी भिंतीवर चिकटवायचा. पहिलं वाचन, वरून खालचं, तिनं गाळलं. चार कलमांत कसली आलीय तुलना? पट्टी उचलली आणि थेट तळाशी ठेवली.

‘क्रम बदलू नये.’ लू दीर्घ. बरोबर.

पट्टी वर.

‘कंपनीला फोन करावा.’ बरोबर.

पट्टी वर.

‘किल्लीने दार उघडून माणसांना एकेक करून बाहेर घ्यावे.’ ‘किल्लिने’ होतं, ते सुधारलं.

पट्टी वर.

‘छतावरच्या खोलीतील मुख्य स्विच बंद करावा.’

पेन्सिल थबकली. इतकी वर्षं बाजूला गप बसलेला अर्थ आज कसा कोण जाणे उठून उभा राहिला. अगं, आधी माणसं बाहेर आणि मग वीज बंद? चालू लिफ्टमधून माणूस अर्धवट बाहेर आला आणि ती हलली तर? तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्या काट्याखाली जरासा आनंदही होता. ऱ्हस्वदीर्घ कुणीही काढेल. हे कुणी काढलं असतं? दोन्ही ओळींना विळखा घालणारी वळणदार खूण तिनं ठसठशीत काढली: यांची अदलाबदल करा. ओळींच्या डोक्याशी असलेले आकडे तिला दिसलेच नाहीत. आकड्यांना शुद्धलेखन नसतं.

‘आतील माणसांशी बोलून धीर द्यावा.’ ‘धिर’ होतं. सुधारलं. सही केली.

प्रूफ दुसऱ्या गल्लीतल्या अक्षरजुळणीवाल्याकडे गेलं, तिथून परत आलं, छापलं गेलं, आणि मालक गठ्ठा काखोटीला मारून गेले.

(इथं नवा परिच्छेद करावा. आधीचा दम खाऊ द्यावा.)

जेवायच्या सुट्टीत तिनं ही गोष्ट नणंदेला सांगितली. नणंद छापखान्याच्या काउंटरवर बसायची, गिऱ्हाईक आणि फोन दोन्ही सांभाळायची. वहिनीला इथं आपणच चिकटवलं, हे श्रेय ती जमेल तेव्हा वसूल करत असे.

“आज मी एक माणूस वाचवला,” कानामात्रा म्हणाली.

“एकच? सकाळपासून बसलीयेस ना?”

“ऐक तर. तो लिफ्टचा कागद होता ना.”

“मालक घेऊन गेले तो? ती चौकापलीकडची उंच इमारत आहे बघ, वर त्या कंपनीचं ऑफिस आहे. पहिला कागद तिथंच चिकटवणार म्हणत होते.”

“त्या कागदात लिहिणाऱ्या शहाण्यानं म्हटलं होतं, आधी माणसं बाहेर काढा, मग स्विच बंद करा.”

“मग?”

“मग काय मग! माणूस निम्मा बाहेर, निम्मा आत, आणि लिफ्ट चालली तर?”

“जेवताना नको गं, वहिनी.”

“म्हणून मी बदललं. बघ.” तिनं झाकण टेबलाच्या वरच्या टोकाला ठेवलं. “हे पहिलं कलम. धीर द्या. त्याखाली ही वाटी, म्हणजे स्विच. त्याखाली चमचा, म्हणजे माणसं. आणि तळाला डबा, फोन करा. मी खालून येते. डबा. मग चमचा, माणसं बाहेर. मग वाटी, स्विच बंद. बघितलंस? उलटं होतं की नाही?”

नणंद घास चावत टेबलाकडे बघत राहिली.

“पण तू खालून आलीस,” ती म्हणाली. “लोक वरून येतात. झाकण, वाटी, चमचा. स्विच आधीच होता की.”

कानामात्रानं वाटीवर बोट ठेवलं. मग चमच्यावर. मग पुन्हा वाटीवर. तिनं टेबलाची कड धरली. मूळ कागद बरोबर होता. तो तिनं चुकीचा केला होता. ज्या भयंकर चुकीला तिनं पकडलं होतं, ती चूक जगात कुठंच नव्हती, तिनं सही करेपर्यंत.

नणंदेनं एकदा काउंटरवरच्या फोनकडे बघितलं. मग घाईघाईनं बोलायला लागली. “हे बघ, एवढं काही नाही. लिफ्टशेजारचा कागद वाचणारा एक तरी माणूस दाखव मला. कुणी वाचत नाही गं. उद्या दुसरे छापू, गुपचूप बदलून टाकू. मालकांना कळायचं पण नाही.”

“मालकांना फोन लाव.”

“कशाला उगाच?”

“लाव!”

फोन लागला नाही. पुन्हा लावला. संपर्काबाहेर. लिफ्ट कंपनीचा क्रमांक कुठं तरी लिहून ठेवला होता, तो कुठं ते मालकांनाच ठाऊक. कानामात्रानं डबा तसाच उघडा टाकला आणि चपला अडकवल्या.

“वहिनी, तुझी सही उडेल,” नणंद मागून म्हणाली. “एकदा तू चुकलीस असं म्हणालीस ना, की मागचं सगळं उकरून काढतील. तुझं आणि माझंही.”

तिनं मागं वळून बघितलं नाही.

रस्त्यावर ती भरभर चालली. एरवी याच रस्त्यानं जाताना तिला पाट्या टोचायच्या. ‘सुचना’. ‘दुरूस्ती करुन मिळेल’. एका दुकानावर ‘शुभ’ला दीर्घ उकार होता आणि गेली कित्येक वर्षं तो बघून तिच्या जिवाची तगमग व्हायची. आज एकही पाटी टोचली नाही. सगळ्या चुका जिथल्या तिथं होत्या, आणि त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. ‘सुचना’ वाचून कुणी मेलं नव्हतं. ती मात्र आज एका वाक्यातसुद्धा चुकली नव्हती. वेलांटी बरोबर, उकार बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. असल्या कागदावर शंका तरी कोण घेणार?

कुणी वाचत नाही, नणंद म्हणाली होती. ती हेच घोकत इमारतीत शिरली. कुणी वाचत नाही, कुणी वाचत नाही.

जिन्यातून आवाज आला. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं.

“कलम दोन. किल्लीने, दार उघडून, माणसांना, एकेक करून, बाहेर घ्यावे.”

ती दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचली. लिफ्टचं बाहेरचं दार उघडं होतं. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये लटकली होती. तिचा तळ खाली उभ्या असलेल्या इमारतीच्या केअरटेकरच्या छातीला लागेल इतका वर, आणि त्या तळाखाली काळीकुट्ट पोकळी. त्या उंबरठ्यावर कुणीतरी आतून बसलं होतं आणि दोन पाय बाहेर लोंबत होते. बूट काढून खाली नीट जोडीनं ठेवलेले. राखाडी मोजे, डाव्याला टाचेशी भोक.

मोजे तिनं ओळखले नाहीत. पण खाली गाडीची किल्ली पडली होती, ती ओळखली.

केअरटेकर किडकिडीत होता, कपडे कडक इस्त्रीचे, चष्मा दोरीनं गळ्यात. एका हातात तिकोनी किल्ली, दुसऱ्या हातात भिंतीवरून अलगद सोडवून घेतलेला तो कागद. पायांखाली त्यानं स्टूल सरकवलं होतं आणि आता तो पाय धरायला पुढं झाला.

“थांबा! ओढू नका!”

“ताई, बाजूला व्हा. काम चालू आहे.”

“स्विच बंद केलात का?”

“ते तिसरं,” तो शांतपणे म्हणाला. “आत्ता दुसरं चालू आहे. पहिलं झालं. धीर दिला.”

“दादा, आधी स्विच. कागद चुकलाय.”

त्यानं तिच्याकडे असं बघितलं जसं ती म्हणाली होती की जिना चुकलाय. “छापलेला आहे.”

“छापलेलंसुद्धा चुकतं.”

“चुकत असेल. पण मग हे कशाला लिहिलं असतं?” त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “क्रम बदलू नये. आणि तुम्ही काय सांगताय? क्रम बदला. सकाळी चिकटवताना दोनदा वाचलाय मी. नवीन आहे इथं. आपल्या मनानं काही करणार नाही.”

ती ओळ तिनंच तपासली होती. लू दीर्घ.

“कोण आहे?” वरून मालकांचा आवाज आला. “कानामात्रा? अहो, तुम्ही इथं कशा?”

“मालक, पाय आत घ्या!”

“आत काय घ्या! आत्ताच तर महत्प्रयासानं बाहेर काढलेत. कंबर धरलीय माझी. अरे भल्या माणसा, तू कुणाचं ऐकू नको, कागदात आहे तसं कर. तो कागद या बाईंनीच तपासलाय! यांच्या हातून गेलेल्या कागदात एक चूक काढून दाखव, छापखाना तुझ्या नावावर करतो!”

“चूक आहे, मालक! माझ्याच हातून झालीय!”

“पुरे झाला विनय,” मालक म्हणाले आणि आणखी थोडे पुढं घसरले. गुडघे बाहेर आले.

लिफ्ट हलली. बोटभरच. वरून लोखंडाचा कण्हल्यासारखा आवाज आला आणि उंबरठ्याची धार मालकांच्या पोटऱ्यांवर किंचित दाबली गेली.

“असं करते ती,” केअरटेकर म्हणाला, आणि त्यानं पोटऱ्या धरल्या.

छतावर धावायला वेळ नव्हता. ती वर पोचेपर्यंत इथं जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. ओरडून उपयोग नव्हता, ती ओरडली होती. खरं सांगून उपयोग नव्हता, तेही सांगून झालं होतं. इथं दोन माणसं होती आणि दोघांचाही तिच्यावर विश्वास नव्हता. विश्वास कागदावर होता.

तिनं केअरटेकरच्या हातातून कागद हिसकावला. दोन पावलं मागं सरकली, तो डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागली. छापखान्यात मोठं काम असलं की ती मालकांना प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवायची. तो आवाज काढला. सपाट, सावकाश, विरामचिन्हांसकट.

“कलम दोन, पूर्णविराम. छतावरच्या खोलीतील मुख्य स्विच बंद करावा, पूर्णविराम. स्विच बंद झाल्याशिवाय आतील माणसाने हात, स्वल्पविराम, पाय किंवा डोके दाराबाहेर काढू नये, पूर्णविराम.”

कागदावर हे नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं समोर नसलेलं अक्षर वाचलं होतं, आणि एक नाही, दोन अख्खी वाक्यं. आवाज मात्र तोच, सपाट.

वरचे पाय हलायचे थांबले. मालक हा आवाज ओळखत होते. खोटं बोलणारा माणूस स्वल्पविराम सांगत बसत नाही.

“असं लिहिलंय?”

“असं लिहिलंय.”

“मग आधीच वाचायचं ना!” लोंबणारे पाय धडपडले, एक मोजा उंबरठ्यात अडकला, निघाला, आणि दोन्ही पाय आत गेले. “अरे, तू काय वाचत होतास मग? जीव घेतोस का माझा? जा, स्विच बंद करून ये!”

केअरटेकर तिच्याकडे वळला. “मी वाचलं त्यात असं नव्हतं.”

तिनं कागद छातीशी धरला.

“दोनदा वाचलं मी. दुसरं कलम दाराचं होतं. दाखवा जरा.”

“आधी स्विच, दादा.”

“नाही, पण दाखवा ना.”

“गेलास का?” वरून मालक गरजले.

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला, आणि भिंतीवरच्या मोकळ्या चौकोनाकडे बघत राहिला. “नजर गेली की काय,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि जिना चढायला लागला.

त्याच्या पावलांचा आवाज वर वर गेला. ती खाली उभी राहिली. आत मालक पुटपुटत होते. पुन्हा एकदा लोखंड कण्हलं, आणि ती नुसती त्या काळ्या पोकळीकडे बघत राहिली. मग लिफ्टमधला दिवा गेला. वरचा बारीक गुणगुणता आवाज, जो चालू आहे हे इतका वेळ कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, थांबला.

दोघांनी मिळून मालकांना उतरवलं. सोपं नव्हतं. ते स्टुलावर बसले, घाम पुसला, आणि बूट चढवता चढवता त्यांची वाचा मोकळी सुटली.

“बघितलंत? एका कागदानं वाचवलं. लोक म्हणतात छापून काय होतं!” मग केअरटेकरकडे वळून, “आणि तू. दुसरं कलम सोडून तिसऱ्यावर गेलास. कंपनीच्या साहेबांना सांगायलाच हवं. ज्याला चार ओळी धड वाचता येत नाहीत त्याच्या हातात लोकांचे जीव द्यायचे?”

“चष्म्याचा नंबर वाढला असणार, साहेब,” केअरटेकर म्हणाला. मघाचा ताठपणा गेला होता. “एवढ्या वेळेला सांगू नका. उद्याच डोळे तपासून घेतो.”

कानामात्रा कागद हातात घेऊन उभी होती. आता काहीच करायची गरज नव्हती. मालक धडधाकट होते. कागद घडी घालून पर्समध्ये टाकला असता तर संपलं होतं. उद्या दुसरे छापायचे, गुपचूप बदलायचे. सही शाबूत. नणंदेचं तोंड शाबूत. फक्त हा एक माणूस उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन, समोरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं बरोबर वाचून, तरीही घाबरत घरी गेला असता.

“दादा,” ती म्हणाली, “तुमचे डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी जे वाचलं ते यात नाहीये.”

तिनं कागद मालकांच्या हातात दिला.

मालकांनी तो वाचला. वरून खाली, ओठ हलवत, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा वर जाऊन दुसऱ्या कलमावर थांबले. एका बुटाची नाडी तशीच सुटी होती. त्यांनी मान वळवून लिफ्टच्या उंबरठ्याकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे.

“तुम्ही स्वल्पविराम वाचलात,” ते म्हणाले.

“हो.”

“इथं स्वल्पविराम नाहीये.”

“नाही.”

“मूळ कागदात?”

“मूळ बरोबर होतं. मी उलटं केलं.”

केअरटेकरनं हात पुढं करून कागद मागितला. मालकांनी दिला. त्यानं तो चष्म्याशिवाय वाचला, मग चष्म्यानं वाचला, आणि एकदम स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला.

“बाकीचा गठ्ठा कुठाय?” मालकांनी विचारलं.

“वर आहे ऑफिसात. काही कागद त्यांची माणसं घेऊन गेली. इतर इमारतींना लावायला.”

“कुठल्या इमारती?”

“विचारून येतो,” केअरटेकर म्हणाला आणि उठला. दोन पायऱ्या चढून तो थांबला. “ताई, तुम्ही इथंच उभ्या राहा. स्विचला कुणी हात लावला तर ओरडा.”

मालकांनी नाडी बांधली. “सगळे गोळा करायचे,” ते खाली बघतच म्हणाले. “एकूण एक. आजच. आणि त्या साहेबांना तुम्ही सांगायचं, मी नाही. तुमच्या तोंडानं.”

“सांगते.”

“आणि उद्यापासून,” असं म्हणून ते अडखळले. वाक्य पुरं केलं नाही. तिनंही ते पुरं करून दिलं नाही.

सकाळी, छपाई सुरू होण्याआधी, अक्षरजुळणीवाल्यानं छापखान्यात फोन केला होता. दोन आणि तीन खरंच उलटे करायचे का, असं त्यानं विचारलं होतं. फोन नणंदेनं घेतला होता, आणि वहिनीनं खूण केलीय म्हणजे करायचे, असं सांगून ठेवून दिला होता.